सर्व्हर वाढवून हे जाळं वाढत नाही: बिटकॉइनच्या पायाभूत कामात येणाऱ्यांसाठी

पेमेंट कंपनीत सहा वर्षं बॅकएंड सांभाळल्यावर मी बिटकॉइनच्या कामाला लागले, तेव्हा हाताला एक सवय पक्की होती. लोड वाढला की सर्व्हर वाढवायचे. ती पहिल्याच आठवड्यात सोडावी लागली. बिटकॉइनच्या जाळ्यात उद्या दहा हजार नवे नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारी मशीन, आले तरी सेकंदाला एकही व्यवहार जास्तीचा होणार नाही, कारण प्रत्येक नोड सगळ्या व्यवहारांची तपासणी पहिल्यापासून स्वतः करतो. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, यासाठीच तर तो चालवायचा. या कामाबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच नीट पचवायला सांगते.

मग हिशेब करायला लावते. व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदले जातात, आणि हे ब्लॉक एकामागे एक जोडून साखळी होते. एका ब्लॉकात साधारण दहा लाख व्हर्च्युअल बाइट (जागा मोजायचं बिटकॉइनचं माप, पुढे नुसतं बाइट) मावतात. अगदी साधा व्यवहार, म्हणजे एक इनपुट (खर्चायचं नाणं) आणि दोन आउटपुट (एक घेणाऱ्याला, एक उरलेले परत), नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर सुमारे 141 बाइट घेतो. म्हणजे ब्लॉकात सात हजार व्यवहार. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, तेव्हा 600 ने भागा: सेकंदाला बारासुद्धा नाहीत, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. शेजारी यूपीआय ठेवून बघा. ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयने महिन्याला 1,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांहून जास्त.

ब्लॉक मोठे का करत नाहीत, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्यावर दोन-अडीच वर्षं कडाक्याचं भांडण झालं. ऑगस्ट 2017 मध्ये मोठ्या ब्लॉकवाले बिटकॉइन कॅश घेऊन वेगळे झाले, आणि मूळ साखळीवर त्याच महिन्यात सेगविट, म्हणजे सह्यांचा भाग वेगळा मोजून ब्लॉकात जागा काढणारा बदल, लागू झालं. मला मूळ बाजू पटते. घरच्या साध्या मशीनवर, साध्या इंटरनेटवर नोड चालला नाही, तर तपासणारे मूठभर उरतील. मग एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं असतं की स्वतःचा नोड उभा करा. मी तो जुन्या लॅपटॉपवर, फिरत्या हार्ड डिस्कवर केला. सुरुवातीच्या वर्षांचे ब्लॉक झरझर गेले. पुढे लॉगमधला प्रगतीचा आकडा दिवसभरात जेमतेम हलायला लागला. मला वाटलं इंटरनेट कमी पडतंय. मॉनिटर उघडला तर नेटवर्क निवांत, प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्के. नोडला न खर्चलेल्या नाण्यांची यादी सतत चाळावी लागते, आणि ती डिस्कभर विखुरलेली असते. डीबीकॅशची, म्हणजे ही यादी मेमरीत ठेवायच्या जागेची, मर्यादा मूळच्या 450 एमबीवरून चार जीबी केली, यादी एसएसडीवर हलवली, आणि उरलेलं काम दीड दिवसात संपलं. अडचण नेमकी कुठे आहे हे बघण्याची ही नजर मला कुठल्याही कोर्समध्ये मिळाली नव्हती. जागा कमी असेल तर प्रून करून, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसत, चालवा, शिकायला तेवढं पुरतं.

प्रयोगांसाठी रेगटेस्ट, म्हणजे फक्त तुमच्या मशीनवरचं खाजगी चाचणी-जाळं, वापरा. तिथे ब्लॉक तुम्हीच काढता. पहिला ब्लॉक काढून शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका. खाणकामाचं बक्षीस पुढचे शंभर ब्लॉक झाल्याशिवाय खर्चता येत नाही, म्हणून 101 ब्लॉक काढायचे. रेगटेस्ट काय, सिग्नेट हे सगळ्यांचं सामायिक चाचणी-जाळं काय, दोन्हीकडची नाणी फुकट असतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अगं, चांगली नोकरी सोडून तू यात पैसे लावणार आहेस का?" शिकायला एक रुपयाही लावावा लागत नाही. आणि ज्यांना खरी नाणी घ्यायचीच आहेत त्यांनी 2022 पासूनचा 30 टक्के कर आणि एक टक्का टीडीएस आधी समजून घ्यावा.

आता लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनच्या साखळीवर उभं केलेलं पेमेंटचं दुसरं जाळं. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी ही कल्पना 2015-16 मध्ये मांडली. दोघांनी मिळून साखळीवर एक चॅनेल उघडायचं, आपापसात हवे तितके व्यवहार करायचे आणि शेवटचा हिशेब तेवढा साखळीवर टाकायचा. वाचायला सोपं आहे. चालवायला बसलात की पैसे चॅनेलच्या कुठल्या बाजूला आहेत, हाच दिवसभराचा घोर होतो. दुकानदाराच्या नोडला पैसे यायचे असतील तर समोरच्या बाजूला शिल्लक हवी. स्वतःच्या बाजूला कितीही भरलं तरी एक सॅटोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) आत येत नाही.

सगळ्यात मोठा धडा मला सिग्नेटवर मिळाला. नोडचं मशीन बिघडलं, आणि सहा वर्षांच्या सवयीने मी आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जशीच्या तशी प्रत, परत चढवला. समोरचा एक नोड बंद होता, म्हणून ते चॅनेल एकतर्फी बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोड जागा झाला आणि चॅनेलमधली सगळी रक्कम घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. स्नॅपशॉटनंतर आमच्यात बरेच व्यवहार झाले होते, म्हणजे मी साखळीवर जुना हिशेब टाकला होता. जुना हिशेब टाकणाऱ्याला लाइटनिंग चोर समजतं, आणि दंड म्हणून त्याची पूर्ण बाजू समोरच्याला देतं. बँकेच्या कामात जो बॅकअप तारतो, तोच इथे बुडवतो. तेव्हापासून चॅनेलचा डेटाबेस मी जुन्या प्रतीवरून कधीही उठवत नाही. स्टॅटिक चॅनेल बॅकअप वेगळ्या जागी ठेवते. त्यात शिल्लक नसते, फक्त समोरच्या नोडला "चॅनेल बंद कर" अशी विनंती करण्यापुरती माहिती असते. खऱ्या पैशांना हात लावण्याआधी हा प्रसंग सिग्नेटवर एकदा स्वतः घडवून बघा.

नोकरीच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगते. बिटकॉइन कोअर, म्हणजे नोडचं मुख्य सॉफ्टवेअर, सी++ मध्ये आहे, पण त्याच्या फंक्शनल टेस्ट पायथनमध्ये आहेत. त्या वाचणं हे मला सगळ्यात चांगलं दार वाटतं. दुसऱ्यांनी कोडमध्ये सुचवलेले बदल चालवून बघा, काय दिसलं ते नीट लिहा. विद्यार्थ्यांसाठी समर ऑफ बिटकॉइन ही इंटर्नशिप आहे, पुढच्या अभ्यासाला न्यूयॉर्कच्या चेनकोड लॅब्सचं साहित्य आहे. मुलाखतीत मला ब्लॉकचेनची व्याख्या कोणी विचारली नाही. "शंभर जणांना पैसे पाठवायचेत, किती बाइट लागतील?" असं विचारलं, कारण फी बाइटांवर ठरते. वेगवेगळे पाठवले तर 14,100. एकाच व्यवहारात, एकाच इनपुटमधून पाठवले तर 3,200 च्या आसपास.

तो हिशेब 20 एप्रिल 2024 च्या पहाटे कामी आला. भारतीय वेळेनुसार साडेपाच वाजून गेल्यावर 8,40,000 वा ब्लॉक आला. खाणकामाचं बक्षीस निम्मं झालं आणि त्याच ब्लॉकपासून रून्स, म्हणजे बिटकॉइनच्या साखळीवर टोकन काढायची नवी पद्धत, सुरू झाले. मी मेमपूलचा, म्हणजे ब्लॉकात जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांचा, आलेख उघडून बसले होते. फी अशी चढत गेली की त्या दिवसाची सरासरी व्यवहारामागे शंभर डॉलरच्या वर पोचली. आमच्या कंपनीच्या रांगेत ग्राहकांना द्यायची पेमेंट साचत होती. आदल्या आठवड्यात फी कमी असताना आम्ही नाण्यांचे सुटे तुकडे एकत्र करून ठेवले होते, लागतील ती लाइटनिंग चॅनेलही उघडून ठेवली होती. लहान रकमा त्या चॅनेलमधून दिवसभर जात राहिल्या. मोठ्या रकमा येणं असलेल्या ग्राहकांना आम्ही कारण कळवलं आणि रांग थांबवली. फी उतरल्यावर त्या सगळ्यांचा मिळून एकच व्यवहार पाठवला, एका इनपुटचा.