तारीख आधी, संहिता मागाहून: गोव्यात नाटक उभं करणाऱ्यांसाठी

निर्माता आणि कलात्मक दिग्दर्शक ही दोन पदं गोव्यात पत्रिकेवर वेगळी छापली, तरी माणूस बहुधा एकच असतो. दुपारी टेंपोवाल्याशी घासाघीस करायची आणि रात्री तालमीत नायिकेची एंट्री बदलायची, दोन्ही त्यानेच. नवखे लोक आधी संहितेच्या प्रेमात पडतात आणि मग जागा शोधतात. क्रम उलटा हवा. प्रयोग मांडवात होणार की थिएटरात, आणि कोणत्या महिन्यात, हे ठरलं की निम्मं नाटक आपोआप ठरतं.

मांडवात प्रेक्षक फुकट बसतो. पैसे देवस्थान समिती किंवा उत्सव मंडळ ठरल्याप्रमाणे देतं आणि पालखी देवळात परतल्याशिवाय पडदा वर जात नाही. थिएटरात, म्हणजे पणजीच्या कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर किंवा मडगाव, कुडचडे, साखळीची रवींद्र भवनं, इथे भाडं आणि अनामत आधी भरायची, तिकीटबारी मागाहून. मडगावात रविवारच्या तारखांसाठी तुमची स्पर्धा तियात्रवाल्यांशी (तियात्र म्हणजे कोकणी गाण्यांचं नाटक) असते आणि ते कितीतरी आधीपासून तारखा धरून बसलेले असतात. नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे पणजीवर विसंबू नये. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात तालीम लावणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना संवाद ऐकवणं.

मांडवासाठी वेळेचं गणित आधी करा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाची गोष्ट वेगळी. म्हणून तारीख या सूट मिळालेल्या दिवसांत बसते का, ते मंडळाकडून लेखी घ्या. ‘इतकी वर्षं चाललंय’ या उत्तरावर नाटक उभं राहत नाही. बसत नसेल तर संहिता अडीच तासांवर आणा आणि पालखीची वेळ अलीकडे घेता येते का, ते महाजनांना (देवस्थानच्या कारभाऱ्यांना) विचारा.

हक्कांबाबत अर्धवट माहितीच जास्त फिरते. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट राहतो. कृ. प्र. खाडिलकर 1948 मध्ये वारले, त्यामुळे त्यांची नाटकं 2009 पासून मुक्त आहेत. पण पदांच्या चाली दुसऱ्या कुणी बांधल्या असतील तर त्याचा हक्क वेगळा मोजायचा. हौशी संस्थेने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. गावच्या उत्सवातली नाटकं या छत्राखाली येतात. तेच नाटक तिकीट लावून रवींद्र भवनात नेलं की छत्र गेलं. लेखक हयात असेल तर सवलत असूनही पत्र पाठवावं आणि मानधन द्यावं, हे आमचं मत. सावंतवाडी-कुडाळला प्रयोग न्यायचा तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते आयत्या वेळी मिळत नाही.

पैशांच्या दोन वह्या ठेवा: एक निर्मिती खर्चाची, दुसरी दर प्रयोगाच्या खर्चाची. समजा नेपथ्य, कपडेपट, संगीत मिळून 1,20,000 रुपये लागले आणि एका प्रयोगाचा खर्च 48,000 आहे. दहा प्रयोग धरले तर निर्मितीचे 12,000 प्रत्येकावर पडतात, एकूण 60,000. तिकीट सरासरी 200 असेल तर 300 खुर्च्या विकल्यावर बरोबरी. आता खरं बोला: दहा प्रयोग लागतील? चारच लागले तर आकडा 78,000 वर जातो आणि 390 खुर्च्या विकाव्या लागतात. फुकट पास यात धरायचे नाहीत. सरकारी अनुदान मिळेल, पण त्याच्याविना हिशेब जुळत नसेल तर नेपथ्य लहान करा. एक दिलासा असा की 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही.

दुसरा फायदा गोव्याच्या आकाराचा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही प्रयोग लावून रात्री घरी परतता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो. अपवाद दिवाडीसारख्या बेटाचा: तिथे टेंपो फेरीबोटीतून जातो, म्हणून भरतवाक्याची, म्हणजे नाटक संपण्याची, वेळ शेवटच्या फेरीवरून ठरवा.

नेपथ्यकाराला चित्र काढायला सांगण्याआधी टेप घेऊन जागेवर जा. दर्शनी रुंदी, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, वरच्या पाइपची उंची आणि दोन्ही विंगांतली मोकळी जागा, ही चार मापं हवीत. मांडवात विंग फसवते: कागदावर दिसते, प्रत्यक्षात तिथे खांब किंवा प्रसादाची भांडी असतात. आठ बाय चार फुटांचे फ्लॅट (नेपथ्याच्या सुट्या चौकटी) केले की जागेप्रमाणे कमी-जास्त करता येतात.

विजेत घाई नको. एक हजार वॅटचे 20 दिवे म्हणजे 20 किलोवॅट, 230 व्होल्टवर सुमारे 87 अँपिअर. साध्या सिंगल फेजला ते झेपत नाही. फ्यूज उडतो तोही नेमका सगळे दिवे एकदम वर चढवल्यावर. थ्री फेज घेतली तरी तिन्हींवर दिवे वाटू नका: डिमरची (दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राची) घरघर साउंडमध्ये उतरते. एक फेज साउंडला राखून दिवे उरलेल्या दोनवर टाका. प्रत्येकी सुमारे 43 अँपिअर येतात, केबल आणि जनरेटर त्या हिशेबाने मागवा. एलईडीचे ‘पार’ दिवे वापरले तर हा भार पुष्कळ खाली येतो.

संगीत नाटकात भूमिका वाटतानाच प्रत्येकाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) लिहून ठेवा. नायक काळी एक आणि नायिका काळी चार असेल तर द्वंद्वगीतात कुणीतरी एक घुसमटणार. हे वाचनाच्या दिवशी कळलं पाहिजे, रंगीत तालमीला नव्हे. हिवाळ्यात उघड्या मांडवात रात्र चढली की दंव पडतं, तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरून सुरात उतरते आणि ऑर्गनचा सूर मात्र जागचा हलत नाही. जोडीला दुसरा तबला उबदार कपड्यात गुंडाळून ठेवा आणि मध्यंतराची दहा मिनिटं तबलजीसाठी राखा. पावसाळ्यात मखमली अंगरख्यांना बुरशी धरते, म्हणून कपडेपट पेटीत बंद न ठेवता अधूनमधून उन्हाला दाखवावा.

या कामावर पूर्ण घर चालवणारे गोव्यात थोडे. बँक, शाळा किंवा सरकारी खात्यातली नोकरी सांभाळून लोक हे करतात, म्हणून तालीम साडेसातला सुरू होते आणि तीन अंकी नाटकाला दीड-दोन महिने लागतात. शिरण्याची चांगली वाट म्हणजे दोन हंगाम दुसऱ्याच्या नाटकात सूत्रधार (प्रयोगाची व्यवस्था पाहणारा) किंवा प्रॉम्प्टर होणं. त्यानंतर एखाद्या गावाचं उत्सवाचं नाटक बसवायला घ्या, मग कला अकादमीच्या स्पर्धेत उतरा. स्वतःची संस्था काढायची तर सोसायटी नोंदणीला किमान सात सभासद लागतात. संस्थेच्या नावावर बँक खातं नसेल तर अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही.

प्रयोगाच्या रात्री पाकिटं तयार ठेवा: रंगभूषाकार, तबलजी, ऑर्गनवादक, प्रकाशवाला, टेंपो, प्रत्येकाचं नाव वर लिहून. फ्लॅट टेंपोत चढायच्या आधी ती वाटायची आणि वहीत सही घ्यायची.