आर सॉफ्टवेअरमध्ये पीसीए करताना या चुका टाळा

पीसीए म्हणजे अनेक रकान्यांतली माहिती थोड्या नव्या घटकांत गोळा करण्याची पद्धत. तिच्यासाठी 'यूएसअरेस्ट्स' हा डेटा उदाहरण म्हणून घेऊ, तो आरसोबतच मिळतो. त्यात अमेरिकेतल्या ५० राज्यांचे १९७३ सालचे आकडे आहेत: खून, हल्ला आणि बलात्कार या गुन्ह्यांतल्या अटका दर लाख लोकांमागे, आणि शहरी लोकसंख्येची टक्केवारी. त्यावर नुसतं पीआरकॉम्प (पीसीए करणारं आरमधलं फंक्शन) चालवलं, तर पहिला घटक एकटाच ९६.६ टक्के व्हेरियन्स (आकड्यांतला चढउतार) दाखवतो. निकाल उत्तम वाटतो, पण तो फसवा आहे. हल्ल्यांच्या रकान्याचा व्हेरियन्स साधारण ६९४५ आहे आणि खुनांचा जेमतेम १९. त्यामुळे पहिला घटक म्हणजे नाव बदललेला हल्ल्यांचा रकानाच. हल्ल्यांचं लोडिंग (त्या घटकातला रकान्याचा वाटा) ०.९९ च्या पुढे जातं.

याचं कारण असं की पीआरकॉम्प सरासरी आपणहून वजा करतं, पण प्रमाण विचलनाने भागत नाही. 'स्केल' हा पर्याय मुळात 'फॉल्स' असतो, तो 'ट्रू' करा. मग पहिला घटक ६२ टक्क्यांवर येतो, दुसरा २४.७ वर. टक्के घटले म्हणून घाबरू नका, आता चारही रकान्यांना सारखं वजन मिळालं आहे. सगळी मापं एकाच एककात असतील आणि त्यांच्यातला लहानमोठा फरकच महत्त्वाचा असेल, तेव्हा मात्र स्केल न करणंही बरोबर ठरतं. तो निर्णय विचार करून घ्या, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

पुढची चूक चिन्हांची. स्केल केल्यावर पहिल्या घटकाची चारही लोडिंग उणे येतात आणि फ्लोरिडा साधारण उणे ३ या स्कोअरवर (त्या घटकावरच्या राज्याच्या स्थानावर), आलेखात सगळ्यात डावीकडे दिसतं. म्हणजे तिथे गुन्हे कमी? नेमकं उलट! लोडिंगच उणे असल्यामुळे उणे स्कोअर म्हणजे जास्त गुन्हे. घटकाचं चिन्ह मनमानी असतं, दुसऱ्या संगणकावर ते उलटंही येऊ शकतं. म्हणून स्कोअर वाचण्याआधी लोडिंग बघा. चिन्ह बदलायचंच असेल तर लोडिंग आणि स्कोअर दोन्ही उणे एकने गुणा.

'एक्स मस्ट बी न्यूमेरिक' ही एरर आली की आधी 'एसटीआर' (रकान्यांचे प्रकार दाखवणारं फंक्शन) चालवा. बहुतेक वेळा राज्याच्या नावाचा रकाना आत राहिलेला असतो, किंवा '१,२५०' मधल्या स्वल्पविरामामुळे आकडे मजकूर बनलेले असतात. रकाना फॅक्टर (वर्गवारीचा प्रकार, त्यातल्या प्रत्येक वेगळ्या नोंदीला पातळी म्हणतात) असेल तर आधी 'अ‍ॅज डॉट कॅरेक्टर', मग स्वल्पविराम काढा आणि शेवटी 'अ‍ॅज डॉट न्यूमेरिक'. थेट न्यूमेरिक केलंत तर खऱ्या आकड्यांऐवजी पातळ्यांचे क्रमांक मिळतात, आणि एररही येत नाही.

नवी निरीक्षणं आली म्हणून त्यांच्यावर वेगळं पीसीए करू नका, जुन्याच मॉडेलवर 'प्रेडिक्ट' वापरा.

स्कोअरचा आलेख काढताना 'एएसपी' (दोन्ही अक्षांच्या मापांचं गुणोत्तर) १ ठेवा, नाहीतर दुसरा घटक ताणला जातो आणि गट खोटेच लांब दिसतात. 'फिगर मार्जिन्स टू लार्ज' ही एरर आली तर आधी आलेखाची खिडकी मोठी करून पाहा. आलेख साठवलेली पीडीएफ उघडत नसेल, तर 'डेव्ह डॉट ऑफ' (फाइल बंद करणारी आज्ञा) द्यायचं राहिलं आहे.