डोंगरातल्या गावात कमी खर्चात मुक्काम आणि भटकंती : या चुका टाळा

डोंगरातल्या एखाद्या गावात चार-पाच दिवस राहायचं, रोज सकाळी पाठीवर सॅक टाकून नवी वाट धरायची आणि हे सगळं बेताच्या खर्चात बसवायचं, हे अगदी जमण्यासारखं आहे. बिघडतं ते बहुतेक वेळेच्या हिशेबात. शेवटची बस निघून गेली, वाटेत अंधार पडला, पुढचं बुकिंग पक्कं असल्यामुळे पावसाचा दिवस फुकट गेला, की आठवडाभर हात आखडून वाचवलेले पैसे एका संध्याकाळी जातात. म्हणून बेत आखताना भाड्याच्या आकड्याआधी घड्याळाकडे बघा.

सगळ्यात स्वस्त खोली घेणं

बुकिंगच्या साइटवर भाव चढत्या क्रमाने लावायचे आणि वरच्या दोन-तीनांतून एक उचलायची, ही पद्धत शहरात चालून जाते. डोंगरात खोली स्वस्त असते तिला बहुधा कारण असतं. ती गावाच्या वर एखाद्या वस्तीत असते किंवा दरीच्या पलीकडच्या अंगाला. साइटवर 'गावापासून ३ किलोमीटर' लिहिलेलं असतं. ते अंतर सरळ रेषेतलं असू शकतं, आणि मधली ३०० मीटरची चढण त्यात कुठे दिसत नाही. दिवसभर चालून आल्यावर ती चढण पहिल्या दिवशी उत्साहाने होते, दुसऱ्या दिवशी माणूस गाडी शोधतो.

हिशेब एका रात्रीचा करू नका, एका पूर्ण दिवसाचा करा. भाडं, त्यावरचा कर, सफाईचे किंवा हीटरचे वेगळे पैसे, वाटेच्या सुरुवातीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन वेळचं जेवण, हे सगळं प्रत्येक जागेसाठी एका ओळीत लिहा. बसथांब्याजवळची, स्वयंपाकाची सोय असलेली जरा महाग खोली या बेरजेत पुष्कळदा स्वस्त पडते. आल्प्समधल्या बऱ्याच गावांत मुक्कामाच्या कराबरोबर पाहुण्यांना एक कार्ड मिळतं आणि त्यावर आसपासच्या बस मोफत असतात. अशी काही सोय आहे का, हे विचारल्याशिवाय बस पास विकत घेऊ नका.

बुकिंगआधी एक फोन जरूर करा. गरम पाणी कोणत्या वेळेला असतं? खोली गरम ठेवायची सोय आहे का, आणि तिचे पैसे भाड्यात धरलेत का? स्वयंपाकघर आहे म्हणजे शेगडी, भांडी आणि फ्रिज आहे, की फक्त पाणी उकळायची किटली? ओले बूट आणि कपडे वाळवायला जागा आहे का? सकाळी सहाला निघायचं असेल तर न्याहारी आदल्या रात्री बांधून मिळेल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण न्याहारी नऊला मिळत असेल आणि ती भाड्यात धरलेली असेल, तर तुमचा प्रत्येक दिवस दहाला सुरू होतो आणि लांबच्या वाटा आपोआप बाद होतात.

परतावा न मिळणारं बुकिंग स्वस्त दिसतं. संपूर्ण मुक्काम तसा घेऊ नका. पहिल्या दोन रात्री पक्क्या करा, पुढच्या रात्री रद्द करता येतील अशा ठेवा. गर्दीच्या हंगामात ही सवलत मिळाली नाही तर निदान पुढच्या गावाचं बुकिंग तरी मोकळं ठेवा.

स्वस्त महिना का स्वस्त आहे, हे न विचारणं

हंगामाच्या आगेमागे भाडी उतरतात. त्याच वेळी बसच्या फेऱ्या कमी होतात, रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात, वरच्या झोपड्या आणि मुक्कामाच्या जागांना कुलूप असतं. गावात ऊन पडलेलं असलं तरी खिंडीच्या सावलीतल्या बाजूला जुना बर्फ टणक होऊन बसलेला असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेले उतार सगळ्यात शेवटी मोकळे होतात. वाटेचे फोटो सुंदर असतात, पण ते कोणत्या महिन्यातले आहेत हे बघा, आणि खोलीच्या मालकाला नेमकं विचारा, 'या आठवड्यात अमुक खिंड ओलांडता येते का?' 'वातावरण कसं आहे?' असं विचारलं तर उत्तर 'छान आहे' असंच येणार.

भाडी कमी हवीत आणि वाटाही उघड्या हव्यात, तर महिना बदलण्याआधी वार बदलून बघा. रविवारी पोचून गुरुवारी निघणाऱ्याला तीच खोली बऱ्याचदा कमी दरात मिळते, आणि पायवाटाही मोकळ्या असतात.

दर दोन दिवसांनी गाव बदलणं

चार दिवसांत तीन गावं बघायचा मोह होतो. मला हा बेत कधीच पटत नाही. प्रत्येक बदलात अर्धा दिवस जातो, प्रवासाचे पैसे जातात, उरलेला शिधा फेकला जातो आणि जास्त रात्रींची सवलत हातची जाते. एकाच गावातून वेगवेगळ्या दिशांना निघणाऱ्या चार वाटा मिळत असतील तर तिथेच तळ ठोका. गाव निवडायची माझी कसोटी हीच आहे: दारातून पायी निघता येतील अशा वाटा किती, आणि त्यांतली एखादी ढगाळ, पावसाळी दिवशीही करण्यासारखी आहे का. जंगलातून जाणारी, ओढ्याच्या काठाची, कमी उंचीची अशी एक वाट पदरी असली की खराब हवेचा दिवसही कारणी लागतो.

वाट किलोमीटरमध्ये मोजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बारा किलोमीटर म्हटलं की आपण सपाट रस्त्यावरचे बारा किलोमीटर डोळ्यांसमोर आणतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला, तो आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असलेल्या वाटेला जवळजवळ चार तास. यात विसावा नाही, फोटो नाहीत, जेवण नाही, घसाऱ्याचा उतार नाही. सवय नसलेल्या माणसाने याची दीडपट धरावी, म्हणजे सहा तास.

आता उलट मोजा. शेवटची बस साडेपाचला असेल तर थांब्यावर पाचला पोचायचं. म्हणजे निघायचं अकराला नव्हे, फार तर नऊला, कारण चुकामुकीसाठी दोन तास हातात हवेत. याच हिशेबातून परत फिरायची वेळ ठरवा आणि ती निघण्याआधी सगळ्यांना सांगा. अमुक वाजता जिथे असू तिथून मागे वळायचं, मग माथा अर्ध्या तासावर का असेना. वर पोचल्यावर हा निर्णय घेणं फार जड जातं, खाली ठरवून ठेवला असेल तर पाळला जातो.

दरीतल्या गावात सूर्य पंचांगातल्या वेळेच्या पुष्कळ आधी धारेमागे जातो. उजेड लगेच संपत नाही, पण गारठा लगेच सुरू होतो. उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. गावात १५ अंश असतील तर १२०० मीटर वरच्या खिंडीत ७ अंश, आणि वारा असेल तर त्याहून बराच कमी भास. दुपारनंतर ढग चढून गडगडाट होणं उन्हाळी दिवसांत नेहमीचं आहे. वितळत्या बर्फाचे ओढेही दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना गुडघ्यापर्यंत येऊ शकतं. लवकर निघण्याचा आग्रह त्यासाठी.

वाटेचा दर्जाही बघा. स्विस अल्पाइन क्लबच्या श्रेणीत टी१ ते टी६ असे टप्पे आहेत, आणि टी४पासून काही ठिकाणी हातांचा आधार घ्यावाच लागतो. जिथे अशी अधिकृत श्रेणी नाही तिथे 'सोपी वाट' हे शब्द कोणी लिहिलेत ते बघा. रोज त्या वाटेने जनावरं नेणाऱ्या माणसाची सोपी वाट आणि तुमची सोपी वाट एक नसते.

मोबाईलवर भिस्त

फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, नकाशा मात्र चालत नाही. तो आधी उतरवून ठेवावा लागतो, आणि उतरवलेला नकाशा विमान मोडवर उघडतो का हे खोलीतच तपासावं लागतं. दरीत फोन सतत सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो, म्हणून चालताना विमान मोडवर ठेवा. थंडीतही बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा.

नकाशावर ठळक दिसणारी वाट जमिनीवर ढोरवाटांच्या जाळ्यात हरवते. दहा मिनिटं वाटेवरची खूण, रंगाचा पट्टा किंवा दगडांची रचलेली खूण दिसली नाही, की शेवटच्या नक्की खुणेपर्यंत मागे या. 'खाली गाव दिसतंय, सरळ उतरू' हा विचार सर्वांत घातक आहे. मध्ये कडा असला तर तो वरून दिसत नाही.

नको तिथे काटकसर

बूट, पावसाचं जाकीट आणि टॉर्च यांत पैसे वाचवू नका. बाकी बहुतेक सामान उसनं किंवा भाड्याने चालतं. बूट मात्र स्वतःचे हवेत आणि मुक्कामाआधी काही आठवडे पायात रुळलेले हवेत. सुती टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गार पडतं. व्यायामाचा साधा सिंथेटिक टी-शर्ट पुरतो, महाग ब्रँडची गरज नाही.

पाण्याच्या बाटल्या रोज विकत घेण्याऐवजी गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या न्या. उकळून पिणार असाल तर २००० मीटरच्या वर पाणी तीन मिनिटं खळखळू द्या, कारण उंचीवर ते कमी तापमानाला उकळतं. ओढा कितीही नितळ दिसला तरी वर गुरं चरत असतात.

विमा घेतला असेल तर त्यात उंचीची मर्यादा किती आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे वाचा. काही ठिकाणी सुटकेचं बिल पूर्णपणे प्रवाशावर येतं.

गाव २५०० मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस हलका ठेवा. हा दिवस पैसे वाया घालवणारा वाटतो आणि नेमका तोच कापला जातो. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही विरळ हवेची लक्षणं मानून तिथेच थांबा. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.

तरीही अडलात तर

*खोली वेगळीच निघाली :* सामान सोडण्याआधी फोटो काढा, साइटवरून लेखी कळवा आणि त्याच दिवशी कळवा. एक रात्र राहून केलेल्या तक्रारीचं वजन कमी होतं.

*बस गेली :* आधी खोलीच्या मालकाला फोन. गावातल्या गाड्यांची माहिती त्यांच्याकडे असते आणि तुम्ही अडकला आहात हेही कोणाला तरी कळतं. सकाळी निघताना कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे त्यांना सांगून ठेवलेलं असलं तर निम्मं काम झालेलं असतं.

*गडगडाट ऐकू आला :* धार आणि माथा सोडून खाली या. एकट्या झाडाखाली आणि लोखंडी कठड्याजवळ थांबू नका.

*अंधारात वाट चुकली :* चालणं थांबवा, सगळे कपडे अंगावर चढवा, सॅकवर बसा. शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा वेळा खूण करा, एक मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. पर्वतांत मदत मागायची ही आंतरराष्ट्रीय खूण आहे, आणि मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं तर तुमची खूण पोचली. ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. फोन लागला तर पहिल्या वाक्यात अक्षांश-रेखांश सांगा, दुसऱ्या वाक्यात किती माणसं आणि कोणाला काय झालंय ते. मग फोन चालू ठेवा, दुसरीकडे कॉल करून बॅटरी घालवू नका.