पोर्टल उघडायच्या आधी पाच मिनिटं श्वास

जीएसटीचं 3बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, 20 तारखेपर्यंत भरायचं, उशीर झाला की रोजचे 50 रुपये लेट फी, हे सगळं पाठ असूनही बिलं जुळवायला बसायचं म्हटलं की मला अचानक कपाट आवरायची हुक्की यायची. टाइमटेबल झाली, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून झाला, ढिम्म फरक नाही.

मग आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, सुरू केलं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस हेच करून घेतात, मी मात्र घरीच लॅपटॉपसमोर खुर्चीत बसून पाच मिनिटांचा टायमर लावतो. लक्ष नाकपुड्यांशी, श्वास येतोय जातोय एवढंच बघायचं, मुद्दाम लांब घ्यायचा नाही. मन पळतंच, पळालं की परत आणायचं, चिडायचं नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हाच कळलं की आळस वगैरे काही नव्हता, एका सप्लायरची रक्कम 2बी मध्ये (सप्लायरांनी भरलेली बिलं दाखवणारं जीएसटी पोर्टलवरचं स्टेटमेंट) दिसत नाही आणि त्याला फोन करावा लागणार याचं टेन्शन होतं, पोटात चक्क गोळा यायचा, तो टाळायला कपाट!

टायमर वाजला की उठायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. चहा नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच. डोळे उघडून थेट एकच बारकं काम, म्हणजे पहिल्या बिलाचा नंबर एक्सेलमध्ये टाकायचा. पुढची बिलं मग आपसूक होतात, मूड यायची वाट बघावी लागत नाही.

जेवल्यावर मात्र करू नका, सरळ झोप लागते.