दीड खोलीतले वाचनालय : कमी जागा आणि कमी पैसा यांत ते कसे चालवावे

सोलापुरात नवे वाचनालय काढू पाहणाऱ्या मंडळींची पहिली बैठक बहुधा जागेवर अडते. तालमीची वरची खोली, समाजमंदिराचा एखादा कोपरा, गणेशोत्सव संपल्यावर वर्षभर कुलूपबंद राहणारे मंडळाचे कार्यालय किंवा पेठेतल्या जुन्या घराची रस्त्याकडची खोली यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि मग ‘आधी इमारत होऊ द्या’ म्हणून विषय पुढच्या वर्षावर जातो. इमारतीची वाट पाहू नये. दहा बाय बारा फुटांची खोली आणि तिच्यापुढे दहा माणसे टेकतील एवढी ओसरी असली, तरी एका गल्लीपुरते चांगले वाचनालय चालते; मात्र काय ठेवायचे नाही, हे चालकांना आधी ठरवता आले पाहिजे.

जागेचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. सर्वसाधारण मराठी पुस्तक जाडीला इंचभर धरले, तर तीन फुटी फळीवर ३० ते ३५ पुस्तके बसतात आणि पाच फळ्यांच्या रॅकमध्ये साधारण १६० मावतात. दार-खिडकी सोडून दोन भिंतींना असे सात रॅक लागले, म्हणजे ११०० च्या आसपास पुस्तके झाली. आता दीडशे सभासद असून प्रत्येकाकडे दोन पुस्तके असतील, तर ३०० पुस्तके कायम लोकांच्या घरी असतात आणि तेवढ्याच खोलीत १४०० पुस्तकांचा संग्रह सांभाळता येतो. म्हणून एका वेळी एकच पुस्तक देण्याचा जुना नियम छोट्या वाचनालयाने मोडावा आणि दोन द्यावीत. पुस्तक हरवण्याची भीती धरून ते कपाटात कोंडून ठेवणाऱ्या वाचनालयात पुस्तके सुरक्षित राहतात, पण सभासद राहत नाहीत.

कुलपाच्या कपाटांऐवजी उघडे रॅक घ्यावेत. कपाट बंद असले की वाचक ठाऊक असलेलेच नाव मागतो. उघड्या फळीसमोर उभा राहिला, तर नाव न ऐकलेले पुस्तकही चाळून पाहतो. आपल्याकडची धूळ पाहता हा सल्ला महागडा वाटेल, पण रोज संध्याकाळी एका रॅकवर कोरडे फडके फिरवायचे, असा क्रम लावला की आठवड्यात सगळी खोली हातावेगळी होते.

जुन्या घरात जागा घेतली असेल, तर दोन गोष्टी सामान हलवण्यापूर्वी तपासाव्यात. माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर उन्हाळ्यात थंड असते, हा मोठाच फायदा. परंतु पहिल्या मोठ्या पावसात माती कोठे पाझरते, हे पाहिल्याशिवाय त्या भिंतीला पुस्तके लावू नयेत. रॅक भिंतीपासून चार बोटे पुढे आणि खालची फळी जमिनीपासून किमान अर्धा फूट वर ठेवली, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही वेळेवर दिसतात. दुसरे असे की, खोली लाकडी तुळयांवरची माडी असेल, तर रॅक मधोमध उभे करू नयेत. भार भिंतींकडे राहील अशीच मांडणी करावी आणि जाणत्या गवंड्याला एकदा दाखवून घ्यावी. वरच्या मजल्यावर पत्रा असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा दुपारी तेथे कोणी बसू शकत नाही, हे वेळापत्रक ठरवताना लक्षात असावे.

वेळापत्रक हा विषय चालक फार सहज उरकतात. ‘सकाळी दहा ते सायंकाळी पाच’ ही कचेरीची वेळ आहे, वाचकाची नव्हे. पूर्व भागात यंत्रमागावर पाळीत काम करणारा माणूस, घरी विड्या वळून त्या कारखान्यात जमा करायला जाणारी बाई आणि शाळा-क्लासमधून सुटणारी मुले या तिघांनाही दहा ते पाच सोयीचे नाही. सकाळी सात ते नऊ वृत्तपत्रे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ देवघेव, असे साडेपाच तास बहुतेक वस्त्यांना पुरतात. साप्ताहिक सुट्टी मात्र आजूबाजूच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी घेऊ नये, कारण वाचायला मोकळा असलेला दिवस तोच असतो. विडी कामगार बायकांची वस्ती जवळ असेल, तर आठवड्यातून एकदा पिशवीत तीस-चाळीस पुस्तके घालून तिकडेच जावे. एखाद्या अंगणात अर्धा तास बसले तरी देवघेव होते, आणि या ‘फिरत्या पेटी’ला भाडे पडत नाही.

आता पैशाकडे वळू. दीडशे सभासद, दरमहा ३० रुपये वर्गणी आणि १०० रुपये परत मिळणारी अनामत असे धरले, तर महिन्याला ४५०० रुपये येतात. त्यात वीज, तीन-चार वृत्तपत्रे, झाडलोट आणि संध्याकाळी बसणाऱ्या मुला-मुलीचे छोटे मानधन कसेबसे भागते; भाडे भागत नाही. यावरून निष्कर्ष असा की, जागा बिनभाड्याची मिळवणे हे चालकांचे पहिले काम आहे आणि ती तोंडी न घेता किमान पाच वर्षांच्या लेखी कराराने घ्यावी. अनामतीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, कारण ते आपले नसतात. वर्गणीला जोड म्हणून दिवाळी अंकांची योजना हुकमी असते : एकदाच काही रक्कम भरून सभासदाने पुढील तीन-चार महिने अंक आळीपाळीने न्यावेत. अंकांचा खर्च निघून वर चार पैसे उरतात आणि नवे सभासदही याच काळात होतात. वृत्तपत्रांची रद्दी वर्षअखेरीस एकदम न विकता दर दोन महिन्यांनी विकावी, नाहीतर ती एका रॅकची जागा खाते.

शासकीय अनुदानाविषयी स्पष्ट बोलणे बरे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. शेजारच्या कर्नाटकात स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसतो. आपल्या कायद्यात तो नाही, त्यामुळे आपल्या ग्रंथालयांची भिस्त राज्याच्या अर्थसंकल्पावर असते. मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गाप्रमाणे त्यांना परिरक्षण अनुदान मिळते. त्यासाठी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी लागते आणि पुढचा व्यवहार जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत होतो. ही नोंदणी अवश्य करावी. देणगीदारही नोंदणी पाहूनच धनादेश लिहितो. परंतु मान्यता मिळेल आणि हप्ता वेळेवर येईल, असे गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. अनुदान आले तर त्यातून रॅक आणि पुस्तके घ्यावीत. वीजबिल वर्गणीतूनच भागले पाहिजे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी (ज्यात राज्यही वाटा घालते) आणि असमान निधी (ज्यात राज्याचा वाटा नसतो) या योजनांचीही चौकशी जिल्हा ग्रंथालय कार्यालयात करावी. हे प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले आणि ग्रंथांपासून फर्निचरपर्यंत साहाय्य देते.

पुस्तके कोणती घ्यावीत, यापेक्षा देणगीत कोणती नाकारावीत, हा प्रश्न अधिक अवघड आहे. घर बदलताना किंवा वडीलधारे गेल्यावर लोक गोणीभर पुस्तके आणून देतात आणि त्यांत जुने पाठ्यक्रम, कालबाह्य गाइडे, कसर लागलेली मासिके निघतात. नाही म्हणणे जिवावर येते, म्हणून एक छापील ओळ दारात लावावी : ‘स्वीकारलेल्या पुस्तकांपैकी संग्रहात न बसणारी पुस्तके अन्य संस्थांना देण्याचा अधिकार वाचनालयाकडे राहील.’ मोठे संदर्भग्रंथ घेण्याचा मोह टाळावा. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्याचे जाडजूड खंड मांडण्यापेक्षा एक जुना संगणक किंवा टॅब ठेवला, तर मुलांचे प्रकल्पही होतात आणि दोन फळ्याही वाचतात.

उलट, सोलापूरच्या वाचनालयात एक रॅक असा असावा, जो इतर शहरांत नसतो. येथे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली आणि शेजारी उर्दू वाचणारी माणसे एकाच गल्लीत राहतात. नातवंडे मराठी गोष्टी नेतात आणि आजोबांना मात्र लिपीमुळे रिकाम्या हाताने परत जावे लागते. तीस तेलुगू, तीस कन्नड पुस्तके आणि त्या भाषांतले एकेक दैनिक एवढ्यानेही हे आजोबा रोज येऊ लागतात. ही पुस्तके येथे सहज मिळत नाहीत, पण हैदराबाद, कलबुर्गी किंवा विजयपूरला जाणारा कोणी ना कोणी सभासद असतोच. त्याच्या हाती यादी आणि पैसे द्यावेत. त्याच रॅकवर शहराविषयीचे सारे ठेवावे : १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, गिरण्या आणि यंत्रमाग, सिद्धेश्वर यात्रा. पुस्तक नसेल तेथे कात्रणांची फाइल चालते.

नोंदींत काटकसर करू नये. पुस्तक आले की त्याच दिवशी दाखलनोंदवहीत क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत आणि ते कोठून आले, हे शाईने लिहावे. तोच क्रमांक शीर्षकपानामागे आणि एका ठरावीक आतल्या पानावर घालावा, कारण फाडणारा शीर्षकपानच फाडतो. संगणकावर यादी अवश्य करावी, पण साध्या तक्त्याने काम भागते आणि वही बंद करू नये. शेवटच्या पानावर तारीखपत्रक चिकटवावे. पुढे संग्रह चाळताना तेच कामाला येते : ज्या पत्रकावर तीन वर्षांत एकही शिक्का नाही, ते पुस्तक बाहेर काढून महिनाभर दाराजवळच्या टेबलावर ठेवावे, आणि तेथूनही कोणी नेले नाही, तर ठराव करून निर्लेखित करावे, म्हणजे संग्रहातून कमी करावे. वाचनालय मान्यताप्राप्त असेल, तर त्याआधी जिल्हा ग्रंथालय कार्यालयाची पद्धत विचारून घ्यावी. वर सांगितलेल्या स्थानिक रॅकला हा नियम लावू नये.

दुरुस्ती घरीच शिकावी. सुटलेल्या फर्म्याला, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडीला, पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून कागद घेऊनच निघते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून ती पातळ शिजवावी, पाठीवर मांजरपाटाची पट्टी लावावी आणि पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवावे. मोरचूद विषारी असते, म्हणून भांडे वेगळे ठेवावे आणि मुलांना हे काम देऊ नये.

स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी अभ्यासिका मागतील. मागणी रास्त आहे, पण एका खोलीत अभ्यासिका आणि देवघेव एकत्र ठेवली, तर सकाळपासून जागा धरून बसलेल्या दहा जणांमुळे कुजबुजणाऱ्या मुलांना आणि गप्पिष्ट आजोबांना दार बंद होते. देवघेव नसलेले तास, म्हणजे नऊ ते पाच, विद्यार्थ्यांना वेगळ्या शुल्काने द्यावेत आणि किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे सहीनिशी सोपवावी.

छोटी वाचनालये बहुधा एकाच माणसाच्या उमेदीवर चालतात आणि तो आजारी पडला की बंद पडतात. म्हणून दर सहा महिन्यांनी देवघेवीला बसणारी व्यक्ती बदलावी, बँक खात्यावर दोघांच्या सह्या ठेवाव्यात आणि एप्रिलमध्ये हिशेब बंद करतानाच दोन सभासदांना बसवून दाखलनोंदवहीशी पुस्तके पडताळून घ्यावीत. सापडत नसलेल्या पुस्तकांची यादी दारावर लावली, की त्यांतली बरीचशी आठवडाभरात आपोआप परत येतात.