माळावर दुर्बीण ठेवायची तर

छोट्या वेधशाळेच्या नकाशासाठी कागद घ्यायच्या आधी माळावर दोन रात्री मुक्काम करा, एक मे महिन्यात आणि एक डिसेंबरात. सोबत तापमापक, वही आणि काठीला बांधायला एक चिंधी न्या. दर तासाला तापमान आणि चिंधी कुठल्या अंगाला उडते, एवढंच लिहायचं. बालाघाटच्या रांगेवर आम्ही हे केलं नाही. स्वयंपाकाचा ओटा नेमका वाऱ्याच्या तोंडाला आला आणि थंडीभर चहाची वाफ दुर्बिणीच्या वाटेत. त्याच मुक्कामात उत्तर बाजू बघून ठेवा. मराठवाड्यात ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम 18 ते 20 अंश असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठी. तिथे लिंबाचं झाड आडवं येत असेल तर झाड तोडू नका, जागा सरकवा.

मग जमीन. काळं रान पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर दुर्बिणीचा खांब उभा केला तर वर्षाच्या आत तो कलणार. मुरूम लागेपर्यंत खणा, कातळ लागला तर फारच चांगलं. खांब आणि फरशी यांत चहूकडून दोन बोटं फट हवी, नाहीतर कुणी नुसतं चाललं तरी तारा डोळ्यांपुढे नाचतो. गवंडी ती फट मोठ्या प्रेमानं सिमेंटनं बुजवतो, तेव्हा फरशीच्या दिवशी घरी बसू नका.

आता खरी मेख. इथे खोल्या दोन लागतात आणि दोघींचं गणित उलटं असतं. माणसाच्या खोलीला दिवसाचं ऊन थोपवणारी जाड भिंत हवी. पण जाड भिंत दिवसभर प्यालेली ऊब रात्री सोडते, आणि दुर्बिणीच्या खोलीत तीच ऊब घात करते. गरम हवा वर चढते आणि शनीची कडी धुरकट होतात. म्हणून दुर्बिणीची खोली पातळ ठेवा. लोखंडी सांगाडा, दुहेरी पत्रा, मध्ये वारा खेळेल अशी पोकळी आणि वर रुळांवर सरकणारं छप्पर. ऊन उतरलं की छप्पर उघडायचं, म्हणजे अंधार पडेस्तोवर आतली हवा बाहेरच्या हवेला येऊन मिळते. रंगावरून आमच्यात भांडण झालं. पांढरा रंग दिवसा गार ठेवतो हे खरं, पण रात्री तो मोकळ्या आभाळाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड पडतो आणि पहाटे दव धरतो. म्हणून कित्येक वेधशाळांचे घुमट ॲल्युमिनियमसारखे चंदेरी असतात. आम्हीही शेवटी चंदेरीच लावला.

लडाखमधल्या हानलेची दोन मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात. आपल्याला ते परवडायचं नाही, पण दोन खोल्यांत वीस पावलांचं अंतर तरी ठेवा.

माणसाच्या खोलीसाठी माळवदाची आठवण सगळ्यांनाच येते. मेच्या मध्याला इथे सूर्य थेट डोक्यावर असतो, भिंतीपेक्षा छप्पर तापतं, आणि आजोळच्या माळवदाखाली तरीही दुपारची झोप लागायची. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड माळवद, याच घरांनी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गाडली. तेव्हा गारवा घ्या, वजन नको. स्लॅबवर पालथी मडकी, त्यावर चुना आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे. भिंतीत जोत्यावर, दारांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळ्यांचा सलग पट्टा. दगडी काम असेल तर आरपार दगड. इथे इंजिनिअरच्या सहीवाचून एक थरही चढवू नका.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात पारानालच्या वेधशाळेनं 2002 मध्ये आपलं निवासस्थान अर्धं जमिनीत बसवलं. त्यानं ऊन टळतं आणि दिव्यांचा उजेडही बाहेर पडत नाही. कोरड्या हवेवर उतारा म्हणून आत बाग आणि पोहण्याचा तलावसुद्धा आहे. टँकरची वाट बघणाऱ्या गावाशेजारी तलाव शोभणार नाही, पण उताराला पाठ टेकवलेली खोली आपल्याला जमते. पाणी खाली, टाकीत ठेवा. 60 चौरस मीटर छपरावर 600 मिलिमीटर पाऊस झाला तर हिशेबानं 36,000 लिटर. वाया जाणारं वजा करून 28,000 धरा. पाण्याजवळचा गारवा अनुभवायचा असेल तर संभाजीनगरला पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात दुपारी जाऊन बसा.

मृग निघायच्या आत उरलेली कामं उरका. वळवाचं वारं सरकतं छप्पर खालून उचलतं, म्हणून ते चारही कोपऱ्यांत हुकांनी अडकवता आलं पाहिजे. उघड्या माळावर सगळ्यात उंच आपलीच इमारत, तेव्हा वीजरोधक आणि अर्थिंग आधी, दुर्बीण नंतर. धुळीसाठी दुहेरी दार, आत लाल दिवे, खिडक्यांना काळे जाड पडदे. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, विंचवांना माळ आपल्याआधीपासून ठाऊक आहे.

आणि खालच्या गावात हायमास्ट बसायच्या आत सरपंचांना एकदा रात्री वर बोलवा. आधी चहा, मग शनी, आणि दिव्याला वरून टोपी बसवायचा विषय त्यानंतर.