ओव्यांचा तक्ता खुला करताना

मराठी, इतिहास किंवा लोकसाहित्यात पीएचडीला लागलेल्यांना ‘तुमचा डेटा कुठाय?’ असं विचारलं, की ते गोंधळतात. मी जात्यावरच्या ओव्यांवर काम करते. माझ्याकडची ध्वनिमुद्रणं, त्यांवरून उतरवलेला मजकूर, ओवीचा विषय, गायिकेचं गाव हा सगळा डेटाच आहे. तो तक्त्यात मांडून इतरांना वापरायला खुला कसा करायचा, ते सांगते.

नव्याने येणाऱ्यांनी आधी हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांचं काम पाहावं. त्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येत आहेत, गायिकेच्या नावागावासकट.

तक्त्यात दोन रकाने वेगळे ठेवा: एकात बाई म्हणाली तसं ‘पानी’, दुसऱ्यात शोधायला सोयीचं ‘पाणी’. नुसता दुसरा ठेवलात तर बोलीच्या अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन बसतं (आणि सरांकडून मिळालेल्या फायली हमखास त्यातल्याच असतात). सीएसव्ही (तक्ता साध्या मजकुराच्या रूपात साठवणारी फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर देवनागरी विस्कटलेली दिसली तर घाबरू नका; ती इम्पोर्ट करून यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडा.

डेटा ठेवायला झेनोडो हे संशोधनाच्या फायली साठवणारं संकेतस्थळ बरं. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने ते २०१३ मध्ये सुरू केलं, आणि ते मोफत आहे. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, म्हणून प्रबंधात कोणती आवृत्ती वापरली ते लिहा.

खरी अडचण संमतीची. ओव्यांत सासुरवास येतो, नवऱ्याचा मार येतो. ‘अभ्यासासाठी हवंय’ एवढं सांगून भागत नाही. ‘मावशी, हे नेटवर कुणालाही ऐकता येईल’ असं स्पष्ट सांगावं लागतं. नाव घालू का, हे निराळं विचारा. काहींना ते हवंच असतं. नाव गाळलं तरी गावात आवाज ओळखला जातोच. म्हणून काही ध्वनिमुद्रणं मी खुली केलेली नाहीत, फक्त त्यांचा मजकूर दिलाय.

मग डेटा पेपर, म्हणजे जमवलेल्या डेटाची ओळख करून देणारा लेख, लिहा. ‘जर्नल ऑफ ओपन ह्युमॅनिटीज डेटा’ असे छोटेखानी लेख छापतं. त्यात निष्कर्ष मागत नाहीत. सामग्री कशी जमवली, कशी निवडली, पुढे कुणाला कशी वापरता येईल, एवढंच. मला हे प्रबंधाच्या प्रकरणापेक्षा अवघड गेलं, कारण कुठल्या वस्तीत गेलेच नाही तेही लिहावं लागलं. आपल्याकडे याचे गुण धरतील का, ते मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या. आणि गावात ओळख करून देणाऱ्या, ओव्या उतरवून देणाऱ्या ताईंची नावं त्यांना विचारून डेटाच्या नोंदीतच घाला, आभारात नकोत.